सुलेखाची दारूबंदी

सुलेखाने घरात दारूबंदी केल्यापासून चंद्रहास बाल्कनीत चोरून बिअर प्यायचा. पण जपानमधल्या या ग्योतोकुत कचरासुद्धा मेला पारदर्शक पिशवीत टाकावा लागायचा. रिकामे कॅन दिसले की बिंग फुटलंच. म्हणून ते कपाटातल्या मोठ्या सूटकेसमध्ये साठत गेले. आता तीही गच्च भरली होती.

जेवताना लेक उत्तरा म्हणाली, “बाबा, शाळेत डिबेट आहे. अमेरिकेतली दारूबंदी फसली, हे मला सिद्ध करायचंय.”

“फसली कसली? चांगली यशस्वी झाली!” चंद्रहास ठासून म्हणाला. “लोकांचं पिणं कमी झालं.”

“पण लोक घरात चोरून प्यायचे ना?”

“काहीतरीच! पुरावा काय?”

सुलेखाने शांतपणे त्याच्या ताटात भात वाढला. “उत्तरा, कपाटातली मोठी सूटकेस आण गं. जपून, फार खडखडते.”