आदरार्थी बहुवचन

बाईंनी तीनशे बारावा फॉर्म पालथा ठेवला आणि गठ्ठा उलटा करून पुन्हा पहिल्यापासून पाहायला सुरुवात केली. प्रश्न सतरावा : तुम्हाला एकटं वाटतं का? नाही. नाही. नाही. तीनशे बारा म्हातारी माणसं, आणि एकाही जिवाला एकटं वाटत नव्हतं.

केंद्रात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. शहराच्या कडेला टेकडीवर एक छोटा समाज राहायचा. त्यांची भाषा निराळी, आणि दवाखान्याचा धसका मोठा. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीचा अभ्यास करायला हे केंद्र निघालं आणि अकरा वर्षं बाईंनी त्याचा गाडा ओढला. आज पाचपर्यंत अहवाल वरच्या कार्यालयात जायचा होता. त्यात ‘एकटेपणा आढळला नाही’ असं लिहिलं गेलं की आठवड्याला घरोघर जाऊन बसणाऱ्या परिचारिका बंद होणार, हे ठरल्यातच जमा होतं. वरचे साहेब तर सकाळी फोनवर खुशीत होते.

“मॅडम, तुमच्या लोकांचं बरं आहे. आमच्यापेक्षा सुखी!”

बाईंच्या गळी मात्र तो आकडा उतरत नव्हता. एवढं सुख एका टेकडीवर मावेल कसं?

दुपारी बारा वाजता त्यांनी रोजच्यासारखा आईला फोन लावला होता. आई वृद्धाश्रमात होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत फोन उचलताच ती “जेवलीस का गं?” म्हणायची. आता तिला आवाज ओळखू येत नसे.

“आपण कोण बोलताय?” आईने विचारलं.

“सहज केला गं. बरी आहेस ना?”

“तुम्ही फार चौकशी करता हो माझी. आमच्या मुलीला वेळच नसतो. मोठं ऑफिस आहे तिचं.”

“सांगते हं तिला,” म्हणून बाईंनी फोन ठेवला. डबा तसाच राहिला.

तीनच्या सुमारास काठी टेकत मावशी आल्या. त्या टेकडीवरच्याच. जन्मभर तिथल्या बाळंतिणी सोडवल्या आणि आता केंद्राच्या दुभाषी होत्या. पाय मोडून त्या चार महिने अंथरुणावर होत्या, म्हणून या वेळचे प्रश्न एका भाषातज्ज्ञ गृहस्थांकडून टेकडीच्या भाषेत करून घेतले होते. गृहस्थ विद्वान, पण टेकडी त्यांनी पुस्तकातच पाहिलेली. विद्यार्थ्यांनी ते प्रश्न घरोघर जाऊन कागदावरून वाचले आणि ‘हो’ की ‘नाही’ तेवढं टिपून आणलं.

मावशींनी चष्मा लावला, सतरावा प्रश्न वाचला आणि काठी हातातून पडेस्तोवर हसल्या.

“अहो बाई, हे काय विचारलंत? तुम्ही सगळे एकटे आहात का?”

“सगळे नाही हो. तुम्ही. आदराने.”

“आमच्यात कुठलं आलंय आदराचं ‘तुम्ही’? लेकरू असो की सरकार, समोर एकटं असेल तर ‘तू’. ‘तुम्ही’ म्हटलं की अख्खी वस्ती आली. आता अख्खी वस्ती एकटी कशी असेल? ‘नाही’च म्हणणार ना ती!”

बाईंनी घाईघाईने नववा प्रश्न काढला. तुमचे गुडघे दुखतात का? तीनशे बाराही ‘हो’.

“दुखतातच की कोणाचे ना कोणाचे,” मावशी म्हणाल्या.

बाईंनाही हसू फुटलं, पण लगेच त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. ‘प्रत्येक वृद्धाशी अहो-जाहो करावे’ हा केंद्राचा पहिला नियम होता, चौकटीत लावून दारावर टांगलेला, बाईंनीच लिहिलेला. तज्ज्ञाने तो मुकाट्याने पाळला होता. म्हणजे करायला गेलं गणपती आणि झालं माकड.

“तुमची भाषा शिकताना तेवढं एकच जड गेलं मला,” मावशी डोळे पुसत म्हणाल्या. “समोर एक माणूस, आणि बोलायचं घोळक्याशी.”

बाईंनी साहेबांना फोन लावला. चूक केंद्राची आहे, अहवाल आज जाणार नाही, तीनशे बारा घरं पुन्हा करावी लागतील. पलीकडून बराच आरडाओरडा झाला. “हो, माझीच चूक,” असं त्या तीनदा म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

“परिचारिका चालू राहतील ना?” मावशींनी विचारलं.

“नवी उत्तरं येईपर्यंत तरी. प्रश्न या वेळी तुम्हीच तुमच्या भाषेत करा. पण आधी कोणाला तरी विचारून बघायला हवेत. नियम आहे.”

“तोही तुमचाच?”

“माझाच.”

“मग तुम्हीच बसा.”

बाईंनी खुर्ची ओढली, कोरा फॉर्म घेतला आणि पेन उघडलं. मावशींनी सतरावा प्रश्न आधी आपल्या भाषेत म्हटला, तो फारच छोटा होता. मग बाईंना कळावा म्हणून मराठीत. वस्तीतल्या ओट्यावर विचारतात तसा, काठीवर हनुवटी टेकून, सावकाश.

“तुला एकटं वाटतं का गं?”

बाहेर कोणीतरी कपाट बंद केलं. बाईंचं पेन ‘नाही’च्या चौकोनावर सवयीने गेलं आणि तिथेच थांबलं. दोन वर्षांत त्यांना कोणी ‘तू’ म्हटलं नव्हतं. तो शब्द इतका आपला वाटेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

“ऐकू नाही आलं का?” मावशी म्हणाल्या.

“आलं.” बाईंनी पेन खाली ठेवलं. “पुन्हा एकदा विचार.”