महाराजांनी शुद्ध केलेला कॉम्प्युटर

पंचवटीतल्या त्या मंगल कार्यालयात एरवी लग्नाच्या पंगती उठायच्या. त्या रविवारी तिथं माणसं मांडीवर कॉम्प्युटरचे डबे घेऊन बसली होती. कुणी डबा चादरीत गुंडाळून रिक्षातून आणलेला, कुणी स्कूटरवर पायांत धरून. सायबर कॅफेवाले होते, पत्रिका छापणारे होते, शाळेतले मास्तरही होते. स्टेजवर भगव्या शालीतले यंत्रानंद महाराज एकेका डब्यावर रुद्राक्षाची माळ लोंबती धरत. माळ गोल फिरली की महाराज डोळे मिटत आणि माईकवरून निदान सांगत.

"एकशे आठ व्हायरस. तीव्र बाधा. शुद्धीला घ्या."

मग शिष्य तो डबा पडद्याआड नेत. आतून धुपाचा लोट आणि आरतीचा आवाज येई. दोन-अडीच तासांनी डबा कपाळी गंध लावून बाहेर येई आणि स्टेजवरच्या टेबलावर चालू केला जाई. जो कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत मालकाचा चहा पिऊन व्हायचा, तो आता डोळ्याची पापणी लवायच्या आत हजर. लोक टाळ्या वाजवत, काही तर उठून हात जोडत.

"बाळांनो, देहात जसा प्राण तसा यंत्रात करंट," महाराज सांगत होते. "व्हायरस ही कलियुगाची बाधा आहे. तुम्ही फुकटचे अँटीव्हायरस टाकता. अरे, फुकटच्या औषधाने कधी गुण येतो का?"

स्वतः महाराज काही फुकटचं देत नव्हते. दक्षिणा ऐच्छिक, असा फलक होता. पण दक्षिणा न देणाऱ्याचा डबा पडद्याबाहेर येत नव्हता.

रांगेत रंगनाथ बसला होता. जुन्या नाशकात त्याचा फोटो स्टुडिओ. वर्ष दोन हजार सहा, आणि रोल धुण्याचं काम बंद करून डिजिटल कॅमेरा घेतल्याला त्याला दीडएक वर्ष झालं होतं. कॅमेरा नवा, पण फोटो साठवायचा कॉम्प्युटर जुनाच, चौथ्या हातचा. आणि तो हल्ली चालेचना. फोटोवर क्लिक करावं आणि दाढी करून यावं, अशी त्याची चाल. रंगनाथने त्याला काही कमी केलं नव्हतं. दसऱ्याला कॅमेऱ्याबरोबर त्याचीही पूजा करायचा, हळदकुंकू लावायचा, झेंडूचा हार घालायचा. त्या पाकळ्या मागच्या जाळीतून आत पंख्यात जाऊन बसायच्या. दुकानात खंडोबा, सप्तशृंगी आणि दत्त अशा तीन तसबिरी होत्या. एका देवाची नजर चुकली तर दुसऱ्याची असावी, हा हिशेब. तोच हिशेब त्याने कॉम्प्युटरला लावला. मासिकाबरोबर फुकट मिळणाऱ्या सीड्यांवरून एक सोडून तीन अँटीव्हायरस त्यात घातले. त्यानंतरच तो जास्त आजारी पडला, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

एवढ्यावर रंगनाथ महाराजांकडे आला नसता. त्याला आणलं भागीबाईने.

भागीबाई पेठ तालुक्याकडची. तिचा नवरा मंगळू दिंडोरीच्या एका द्राक्षबागेत हंगामाला असायचा. पौषात फवारणी करताना त्याच्या तोंडानाकात औषध गेलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मालक म्हणाला, हा माणूस माझ्याकडे कामालाच नव्हता. हजेरीचा कागद नाही, पगाराची पावती नाही. अशा कामाला ती कोण देतो? सोबतचे मजूर दुसऱ्या बागांवर पांगले होते आणि जे होते त्यांना पुढच्या वर्षीही तिथंच काम हवं होतं. भरपाईच्या दाव्यासाठी गाठलेल्या वकिलांनी भागीबाईला विचारलं, तो तिथं होता असं दाखवणारं काही आहे का? तेव्हा तिला दसऱ्याचा फोटो आठवला. मालकाने नव्या ट्रॅक्टरची पूजा केली होती आणि सगळ्या माणसांना ट्रॅक्टरभोवती उभं करून फोटो काढून घेतला होता. काढणारा रंगनाथ. मालकाच्या बंगल्यातला तो फोटो आता भिंतीवर नव्हता.

आठवड्यापूर्वी ती स्टुडिओत आली. रंगनाथने बराच वेळ लावून तो फोटो पडद्यावर आणला. मालक, ट्रॅक्टर, झेंडूचं तोरण, बागेच्या नावाची पाटी, आणि सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, डोक्याला लाल रुमाल बांधलेला मंगळू. भागीबाईने पडद्याला बोट लावलं.

"ह्यो काय. हसतोय बघा."

रंगनाथने छापायची आज्ञा दिली आणि कॉम्प्युटर अडकला. दोनदा बंद करून चालू केला, दोनदा अडकला.

"भागीबाई, पुढच्या मंगळवारी या," तो म्हणाला. "मशीन नीट करून घेतो. मोठा काढून देतो, चेहरा स्पष्ट दिसेल असा."

"तवर ऱ्हाईल ना भाऊ त्यो आत?"

"जातोय कुठं?" रंगनाथ म्हणाला.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बाईचं काम अडायला नको म्हणूनच तो रविवारी डबा घेऊन पंचवटीत गेला. शुद्ध झालेला डबा परत आणताना त्याला हलकं वाटत होतं. दुकानात येऊन त्याने बटण दाबलं तर काय, मशीन घोड्यासारखं पळालं. पडद्यावर महाराजांचं चित्र, शेजारी प्रवचनांच्या आणि आरत्यांच्या फाइली, प्रसाद म्हणून. रंगनाथने दसऱ्याचा फोल्डर शोधला. मग लग्नांचे शोधले, मग बारशांचे. काहीच नव्हतं. कार्यालयात फोन केला तेव्हा शिष्याने शांतपणे सांगितलं, "व्हायरसने खाल्लं ते खाल्लं. उरलं ते शुद्ध आहे. शंका घेऊ नका."

मंगळवारी सकाळी त्याने भाचीला बोलावलं. पल्लवी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिने डबा उघडला, पंख्यातल्या वाळलेल्या पाकळ्या काढल्या, डिस्क सोडवून आपल्या मशीनला जोडली आणि कामाला लागली.

"मामा, व्हायरस तुझ्याकडे होता की नव्हता ते आता सांगता येणार नाही. पण मशीन मंद कशाने होतं ते सांगते. तीन अँटीव्हायरस घातलेस म्हणतोस, म्हणजे तीन राखणदार ठेवलेस एका खोलीत. तू एक फोटो उघडलास की तिघंही तो तपासणार, आणि एकमेकांवर संशय घेणार ते वेगळंच. या जीर्ण मशीनला तेवढी ताकद कुठली?"

"मग काय करायला हवं होतं?"

"दोन काढून टाकायचे. एकच ठेवायचा, हलका, जुन्या मशीनला झेपेल असा. फुकटचा चालतो, फक्त कुणी बनवलाय ते बघायचं आणि तो वेळोवेळी ताजा करायचा. आणि फोटोंची सीडी काढून ठेवायची. बस."

"आणि महाराजांनी केलं ते काय?"

"डिस्क पुसली. कोणताही जुना कॉम्प्युटर पुसला आणि नव्याने विंडोज टाकली की पळतो. घरातलं सगळं सामान नदीत टाकलं की घर ऐसपैस होतंच ना, तसं. नुसती पुसली असती तर मी बरंच परत काढलं असतं. पण त्यांनी वर प्रवचनं भरली. जिथं तुझे फोटो होते, त्याच जागेवर."

ती बोलत होती तेवढ्यात भागीबाई दारात आली. रंगनाथला तिच्याकडे बघवेना. पल्लवीने तिला खुर्ची दिली आणि जे झालं ते सरळ शब्दांत सांगितलं. पडद्यावर एकेक तुकडा वर येत होता: एका नवरीची अर्धी मान, कुठल्याशा पाळण्याची दोरी. संध्याकाळी दसऱ्याचा फोटो आला. वरची पट्टी तेवढी. तोरण होतं, आकाश होतं, आणि तोरणाच्या खाली बोटभर रुंदीचा लाल रुमाल. बाकी सगळं राखाडी.

"ह्यो त्यांचा रुमाल हाय," भागीबाई म्हणाली. "मीच बांधून दिला व्हता."

पुढच्या रविवारी पल्लवी एक डबा घेऊन मामाबरोबर रांगेत बसली. रंगनाथ येताना वाटेत दोनदा म्हणाला होता, लोक मारतील. महाराजांनी डब्यावर माळ धरली. माळ फिरली.

"एकशे आठ. फार जुनी बाधा आहे, बेटी. आतून झुंजते आहे."

"नक्की आत आहे, महाराज?"

"मला दिसते आहे."

पल्लवीने पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि स्टेजवरच डब्याचं झाकण उघडलं. "व्हायरस फाइलींत असतो आणि फाइली डिस्कवर असतात," ती माईकजवळ जाऊन म्हणाली. "या डब्यात डिस्कच नाही. मी घरी काढून ठेवली आहे. ये मामा, दाखव सगळ्यांना. एकशे आठ जण बसलेत कुठं?"

रंगनाथने डबा दोन्ही हातांनी लोकांकडे फिरवला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. महाराज म्हणाले, बाधा सूक्ष्म असते, पत्र्यालाही चिकटते. तोवर पल्लवीने पडदा बाजूला ओढला होता. आत आरती टेपवर लागली होती. ओळीने मांडलेल्या डब्यांसमोर दोन शिष्य भजी खात बसले होते आणि डब्यांना जोडलेल्या प्रत्येक मॉनिटरवर एक निळी पट्टी पुढं सरकत होती.

"ही पट्टी तुमची डिस्क पुसते आहे," पल्लवी म्हणाली. "एवढाच चमत्कार."

एक मास्तर धावत पुढं आले. त्यांच्या शाळेच्या दहावीच्या मुलांचं सगळं रेकॉर्ड आतल्या एका डब्यात होतं. "थांबवा ते," ते म्हणाले. शिष्याने भजी खाली ठेवली. आता थांबवून उपयोग नाही, अर्धं गेलं, असं तो म्हणाला, आणि त्या सभागृहात त्या दिवशी खरं बोललेला तो महाराजांचा एकटाच माणूस.

गोंधळ झाला, खुर्च्या पडल्या, महाराज मागच्या दाराने गाडीत बसले. पण सगळ्यांचे डोळे उघडले असं म्हटलं तर ते खोटं होईल. "आमचा तर पळायला लागला ना," असं म्हणत कितीतरी जण गंध लावलेले डबे घेऊन घरी गेले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी महाराजांचा मांडव उभा राहिल्याचं कानावर आलं.

चैत्र संपता संपता भरपाईची सुनावणी झाली. रंगनाथ साक्षीला उभा राहिला. मालकाच्या वकिलाने फोटो मागितला. रंगनाथने फोटोची ती उरलेली पट्टी छापून आणली होती, ती पुढं केली. पट्टी हातोहात फिरली.

"रुमाल कुणाचाही असू शकतो," वकील म्हणाले. "उरलेला फोटो कुठं आहे?"

"होता. मी डोळ्यांनी बघितलाय."

"मग गेला कुठं?"

भागीबाई समोरच्या बाकावर बसली होती. "एका महाराजांकडून कॉम्प्युटर शुद्ध करून घेतला," तो म्हणाला. "त्यात गेला." कुणी हसलं नाही. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं आणि कारकुनाने ते टाइप केलं.

बाहेर पडताना रंगनाथचं लक्ष त्या कारकुनाच्या कॉम्प्युटरकडे गेलं. डब्याच्या कपाळी गंध होतं आणि खाली महाराजांच्या नावाचं स्टिकर. कारकून वैतागून माऊस आपटत होता. मशीन पुन्हा मंद झालं होतं, त्या शुद्धीचा गुण तेवढाच टिकतो. रंगनाथ परत फिरला.

"यात लोकांची कामं आहेत ना?" त्याने विचारलं.

"सगळी यातच आहेत. रविवारी महाराजांच्या नव्या मांडवात परत शुद्धीला न्यायचाय."

"नेऊ नका," रंगनाथ म्हणाला. "मी नेला होता. आत काय चाललंय ते कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा, आणि जो पडदा लावून काम करतो त्याच्या हातात काही देऊ नका. त्याआधी यातल्या सगळ्याची सीडी काढा. आज, माझ्यासमोर."

कारकुनाने त्याच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या भागीबाईकडे. तिच्या हातात ती फोटोची पट्टी होती. त्याने ड्रॉवर उघडला आणि कोरी सीडी शोधायला लागला.