यानाचं आवतन

समर्थनं जत्रेच्या नाटकात यान आणलंय ही बातमी कळली तेव्हा अफसाना भाकरी थापत होती. भाकरीचा काय दोष, पण ती तव्यावर अशी आदळली की मधोमध चिरली. यान आणा, विमान आणा, उद्या चंद्र खाली ओढून आणा, तिची हरकत नव्हती. पण त्यात मुलाण्याचं काम नाही म्हणे! म्हणजे काय?

तिकोण्याच्या पायथ्याच्या या गावात चैत्रातल्या जत्रेचं नाटक डफावर थाप पडल्याशिवाय सुरू झालेलं कुणाला आठवत नव्हतं. तो डफ मुलाण्यांच्या घरचा. ऐतिहासिक नाटक असलं की तिचा सासरा हरकारा व्हायचा, सामाजिक असलं की दवंडीवाला. आता मान तिच्या नवऱ्याकडे, वाहिदकडे होता. जत्रेच्या पंगतीचं आवतन घरोघर फिरून द्यायचं कामही त्याचंच. आवतन आल्याशिवाय इथं कुणी कुणाच्या पंगतीला बसत नाही, मग पोटात कावळे का ओरडेनात. आणि मान एका वर्षी सुटला की सुटला. पुढच्या वर्षी कोण विचारतंय?

समर्थ हा जत्रेचे पुढारी दत्तोबाआबा यांचा नातू, तळेगावकडे कंपनीत कामाला. त्यानं कुठलासा परदेशी सिनेमा पाहिला. सूर्यावर वादळ होतं, फोन जळतात, वीज जाते, पृथ्वी मोडकळीला येते आणि निवडक माणसं घेऊन एक यान उडतं. हे सगळं त्यानं उचलून पवनेच्या काठावर आणून ठेवलं. पत्र्याचं यानसुद्धा ठोकून तयार होतं. वाहिदला त्यानं गोड बोलून सांगितलं होतं की चाचा, अंतराळाच्या गोष्टीत दवंडी बसत नाही, यंदा तुम्ही आराम करा.

आणि या बाबानं ते ऐकून घेतलं! वर घरी येऊन म्हणतो, पोरांची हौस हाय, जाऊ दे. अफसानाच्या अंगाचा तिळपापड झाला. जाऊ दे, जाऊ दे करत या माणसानं आयुष्य काढलं होतं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि तडक शाळेच्या पटांगणात तालमीला जाऊन उभी राहिली. तालीम संपेपर्यंत एकेक संवाद कान देऊन ऐकला. मग समर्थला म्हणाली, "सगळ्यांचं फोन जळालं न्हवं?"

"व्हय, चाची."

"वीजबी गेली?"

"गेली की."

"मग यान आलंय हे गावाला सांगितलं कुणी?"

समर्थनं डोकं खाजवलं. शास्त्रज्ञीण झालेली सारिका तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. कडुनिंबाखाली बसलेले आबा म्हणाले की बाई बरोबर बोलतीय, घाल त्या वाहिदला. अशा रीतीनं त्या परदेशी गोष्टीत मावळातला एक मुलाणी शिरला.

इथं तिचं समाधान व्हायला हवं होतं. पण वाहिदच्या सदऱ्याला बटणं लावताना तिनं सहज विचारलं की दवंडी दिल्यावर तू यानात कुठं बसतोस? तो म्हणाला, बसत नाही. दवंडी द्यायची आणि विंगेत जायचं. यानात जागा भरल्यात म्हणे.

तिच्या हातातली सुई तशीच राहिली. साऱ्या गावाला जीव वाचवायला हाका मारायच्या, आणि हाका मारणाऱ्यानं मागं मरायचं? ही कुठली रीत? वाहिद म्हणाला, अगं, नाटक हाय ते.

"नाटक? आपल्या घराला जत्रंचं आवतन कुणी दिलंय कधी?" तिनं विचारलं.

खरंच कुणी दिलं नव्हतं. आवतन देणाऱ्याला आवतन कसलं, तो येणारच, असं गाव धरून चालायचं. वाहिद जायचा, वाढायला मदत करायचा, शेवटी जेवून यायचा. अफसाना मात्र लग्न होऊन आल्यापासून त्या पंगतीला एकदाही गेली नव्हती. दरवर्षी घरी पिठलं करून खायची, आणि ती का येत नाही हे एवढ्या मोठ्या गावात एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. या गोष्टीचा तिला मनस्वी संताप होता.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला नाटक उभं राहिलं. डफ कडाडला. "ऐका हो ऐका," वाहिदनं हाळी दिली, आणि एकेका वाडीचं नाव घेऊन सगळ्यांना यानाकडे बोलावलं. नाटकातले लोक यानात शिरले. समर्थनं आतून दार लावलं. आता वाहिदनं विंगेत जायचं होतं.

तो गेला नाही. विंगेतून कुणीतरी हातवारे करत होतं, तिकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. बंद दारासमोर उभं राहून त्यानं पुन्हा डफावर थाप मारली.

"ऐका हो ऐका. समद्या गावाला आवतन पोचलं. मुलाण्याच्या घराला कुणी दिलं न्हाई हो."

हे नाटकातलं आहे की कसं, लोकांना कळेना. पुढच्या रांगेत दत्तोबाआबा खुर्चीत ताठ झाले. मग ते नातवाला म्हणाले, "दार उघड."

दार उघडलं. समर्थ बाजूला सरकला, या म्हणून हातानं खुणावलं. वाहिद जागचा हलला नाही.

"नुसतं दार उघडून काय करू? बिनआवतनाचं आमी येत न्हाई," तो म्हणाला.

अफसानाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही तिला राग आला. हेच आधी बोलला असतास तर काय जीभ झडली असती, मेल्या, असं ती मनात म्हणाली. आबा काठी टेकत उठले. आजवर त्यांनी वाहिदला अरेतुरेशिवाय हाक मारली नव्हती. त्यांनी टोपी सारखी केली, आधी वाहिदकडे, मग बायकांच्या बाजूला अफसानाकडे पाहिलं.

"वाहिदभाऊ, अफसानाबाई, आवतन हाय तुमाला. यानाचं बी आन् उद्याच्या पंगतीचं बी. दोगंबी या," आबा म्हणाले.

वाहिद पायरीवर तिच्यासाठी थांबला. शेजारच्या बयाबाईनं तिला कोपरानं ढोसलं, ऊठ की. सगळं गाव माना वळवून बघत होतं. अफसानानं पदर सारखा केला आणि तशीच बसून राहिली. इतकी वर्षं आपण थांबलो, आता यान थांबू दे जरा.