शिट्टीची जोडीदार

मला डोंबलाचं दीपगृह बघायचं होतं! मला खोलीवर पडून पाय वर करायचे होते. आठवडाभर शिवणवर्गात उभी असते मी. आठ मशिनी, त्यातल्या तीन टाके सोडतात, आणि बायका इतक्या हौशी की बॉबिन भरायच्या आधीच कात्री चालवतात. पण शनिवार-रविवारची सहल म्हणजे सगळ्या स्वयंसेवकांनी यायचंच, असा आमच्या शिट्टीचा हुकूम.

शिट्टी म्हणजे आमच्या संस्थेची इथली प्रमुख. माझ्या मुलीच्या वयाची, म्हणजे मला मुलगी असती तर. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मी तिला मनातल्या मनात तेच म्हणते. तोंडावर ताई. ती मला मावशी म्हणते. मीच शिकवलं तिला, आणि तिच्यामुळे बाकीच्यांनाही लागलं ते वळण. आमचं सगळ्यांचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालतं. इथे मी आपल्या भाषेत सांगतेय, नाहीतर माझंच हसं व्हायचं.

गुरुवारी तिने मला विचारलं होतं, "मावशी, अजून सहा महिने राहाल का? सोमवारपर्यंत सांगा." मी त्याच दिवशी मुलाला मेसेज टाकला. त्याने लिहिलं, "बोलू." झालं! तेव्हापासून फोन उशाशी घेऊन झोपतेय. खोटं कशाला बोलू, मला एवढंच ऐकायचं होतं की आई, पुरे झालं आता, ये घरी. हे गेल्यानंतर दोन वर्षं त्या घरात मी कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी वावरले, मग एक दिवस बॅग भरून इकडे परदेशात आले. तेव्हाही कुणीतरी अडवेल असं वाटलं होतं. सून म्हणाली, "छान वेळ जाईल तुमचा."

तर सहल. शिट्टीची एक पद्धत आहे. माणसं मोजायची नाहीत, जोड्या लावायच्या. बस सुटायच्या आधी शिट्टी वाजवायची आणि ओरडायचं, "जोडीदार बघा!" आपला जोडीदार बसमध्ये दिसला की हात वर करायचा. डॉक्टर नवराबायकोची एक जोडी, दोन शिक्षिकांची एक, दाढीवाला आणि त्याचा मित्र अशी एक. सातवी मी, उरलेली. शिट्टी म्हणाली, "मावशी माझ्या जोडीला." मला बरं वाटलं, अगदी खरं सांगते. शनिवारी जेवायलाही मी तिच्याच शेजारी बसले. ती सगळा वेळ फोनवर होती, पण शेजारी होती.

रविवारी दुपारी दीपगृह. बाकीचे धापा टाकत जिना चढले. माझे गुडघे म्हणाले, तू खालीच थांब. खाली पूर्वीच्या रखवालदाराची खोली जशीच्या तशी ठेवली होती. लोखंडी खाट, एक खुर्ची, एकच कप. खाटेवर ठिगळांचं पांघरूण. मी वाकून बघायला लागले. टाके हातचे, आणि सुरुवातीला इतके वाकडे की मी वर्गात उसवायला लावले असते. दुसऱ्या टोकाला येईपर्यंत हात बसला होता बाबाचा. एकटाच शिकला असणार, चुका सांगायलाही कुणी नसताना. माझा जीव गलबलला. मी त्या खुर्चीवर किती वेळ बसले कोण जाणे.

बाहेर आले तर बस नाही.

आधी वाटलं, पलीकडे लावली असेल. पलीकडे समुद्र. मग डोक्यात प्रकाश पडला. तिन्ही जोड्यांचे हात वर झाले असणार, शिट्टीबाईंनी सगळ्यांचे जोडीदार बघितले असणार, आणि स्वतःचा बघायचा राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तिचा नंबर होता माझ्याकडे. नाही केला फोन. म्हटलं, बघू तरी कधी लक्षात येतंय. तिकीटवाल्याने फाटकाला कुलूप लावलं, मला खुणेनं विचारलं. मी हसून रस्त्याकडे बोट दाखवलं, येतायत म्हणून. तोही सायकलवर टांग टाकून गेला. वारा असला सुटला होता की पदर धरू की पर्स! ऊन उतरलं तरी रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग मात्र मी मुलाला फोन लावला.

"अगं आई, मीच करणार होतो!" तो म्हणाला. "करमतंय ना तिथे? मग राहा की बिनधास्त. इकडची काळजी करू नकोस. तुझ्या खोलीत सध्या हिने ऑफिसचं टेबल टाकलंय, आणि तुझं कपाट गॅलरीत हलवलंय. पण तू आलीस की बघू काहीतरी. आत्ता कुठे आहेस?"

"सहलीला. सगळे आहेत बरोबर," मी म्हणाले. "ठेवते रे, बस सुटतेय."

फोन ठेवला आणि त्या मोकळ्या रस्त्याकडे बघत बसले. रागसुद्धा येईना. एरवी नाकावर असतो माझ्या.

अंधारायच्या आत बस आली. करकचून ब्रेक लागला आणि दाढीवाला उडी मारून धावत सुटला. "कॅमेरा राहिला माझा, समुद्राकडच्या बाकावर!" मला बघून म्हणाला, "अरे मावशी, तुमचंही काही राहिलं का?" आणि गेला पुढे. त्याला वाटलं, मी त्याच्याच मागून उतरले.

मी पायऱ्या चढून आत गेले. शिट्टीने वर पाहिलं. माझं वाऱ्याने विस्कटलेलं डोकं, बाहेरून येणारी मी, आणि शेजारची रिकामी सीट. पोरीचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, तुम्ही... अरे देवा. तुम्ही इथेच होतात?" ती रडायलाच लागली. माझे दोन्ही हात धरले. "माझी जोडी होती. मी बघितलंच नाही. आता तुम्ही घरीच जाणार, मला माहितीये. जा तुम्ही, मी काही बोलणार नाही."

"राहते मी," मी म्हणाले. "सहा महिने."

"खरंच? घरी विचारलंत?"

"विचारलं," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. चांगलं हमसून हमसून, लहान पोरासारखं, सगळ्यांसमोर. डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं, एका शिक्षिकेने शाल पांघरली, दाढीवाला कॅमेरा छातीशी धरून दारातच उभा राहिला. सगळे आळीपाळीने माफी मागत होते. मला एकटीला मागे सोडलं म्हणून. आणि मला काही सांगता येईना, की अरे, गप्प बसा रे, तुमच्यामुळे नाही रडत मी.