खिडकीतली माणसं

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर लॅबमध्ये मेण आणि प्लास्टर, आणि संध्याकाळी सहाला घरी आला की ट्रक. खराखुरा नव्हे, गेममधला. मालाने भरलेला ट्रक लांबलचक रस्त्यांवरून हाकायचा आणि ते इंटरनेटवर लाइव्ह दाखवायचं. बघायला तीसेक जण यायचे, त्याला ‘ड्रायव्हरसाहेब’ म्हणायचे, आज भाजी कोणती केली ते विचारायचे. बायको गेल्यापासून त्या घरात बोलणं व्हायचं ते एवढंच. थोरली बहीणही न चुकता यायची. “ताई, जेवलीस का?” असं तो मध्येच विचारी, आणि ती लिहायची, “हो रे.”

सरकारी दवाखान्याची संध्याकाळची ओपीडी बंद झाली, त्या दिवशी कुणीतरी त्याचं मत विचारलं. त्याचा पारा चढला. ट्रक चालवता चालवता वीस मिनिटं तो बोलत राहिला. मंत्र्यांना धुतलंच, पण बोलण्याच्या भरात म्हणाला, “आणि खिडकीत बसलेले ते दगड! त्यांना समोरचा माणूस दिसतच नाही.”

तेवढाच तुकडा हातोहात पसरला. आठवड्याभरात चार हजार लोक बघायला लागले. “ट्रक राहू द्या, मंत्र्यांवर बोला,” म्हणायला लागले. तो बोलत गेला. खरं सांगायचं तर त्याला ते गोडही लागलं. जुनी मंडळी कधी पांगली, त्याला कळलं नाही. ताई येत नाही, हेसुद्धा चौथ्या दिवशी लक्षात आलं. त्याने फोन लावला.

“ताई, रागावलीस का?”

“आज एकाने काचेवर थाप मारली. ‘ए दगड’ म्हणाला. मागची अख्खी रांग हसली.”

ताई त्याच दवाखान्यात केसपेपर काढून द्यायची. वीस वर्षं.

“मी तुला नव्हतो म्हणालो गं.”

“मग कुणाला? खिडकीत आम्ही दोघीच असतो.”



दुसऱ्या संध्याकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, “ओपीडी बंद करणं चूकच. पण खिडकीतल्या माणसांबद्दल मी बोललो ते वाईट बोललो. तिथे माझी बहीण बसते.” लोक तुटून पडले. “घाबरला!” “फितूर!” हळूहळू तेही पांगले.

रविवारी तो ताईकडे गेला. तिने चहा केला.

“ऐकलं मी. बरं केलंस बोललास ते.”

“मग येशील ना परत बघायला?”

“नको रे. तिथे कोण कोण असतं, भीती वाटते. तूच येत जा इकडे.”

तो दर रविवारी जायला लागला. ताई मनापासून आग्रह करायची, वाढायची. पण दवाखान्याचा विषय दोघंही टाळायचे, आणि तो टाळला की बोलायला फारसं काही उरायचंच नाही. तासाभराने तो उठायचा. “सावकाश जा,” ती म्हणायची, आणि तो जिना उतरेपर्यंत दार उघडं ठेवून उभी राहायची.