एक मिलिमीटर

ताईंचा उजवा अंगठा बधिर झालाय, हे मला त्यांच्या चहाच्या कपावरून कळलं. बावीस वर्षं लोकांचे दात साफ करण्यात घालवलेली बाई अचानक कप डाव्या हाताने धरायला लागली. कुणी पाहिलं की म्हणायची, "सवय बदलून बघतेय." पन्नाशीला हौसेने सवय बदलणारं माणूस मी अजून तरी पाहिलेलं नाही.

आमच्या दातांच्या दवाखान्यात तेव्हा डॉक्टर मॅडमचं संशोधन चाललं होतं. दात आणि हिरडी यांच्यामधली फट मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईने मोजायची. एकच तोंड आधी ताईंनी मोजायचं, मग धाकटीने. धाकटी म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेली पोरगी. एका तोंडाचे एकशे अडुसष्ट आकडे. त्या बोलायच्या, मी लिहायचो, म्हणून मी आकडेमास्तर. एकीचं चाललं असताना दुसरीने बाहेर थांबायचं, हा नियम.

पहिल्या आठवड्यात जिथे धाकटीचे तीन, तिथे ताईंचे चार. बोटांना कळत नव्हतं म्हणून बाई जास्त दाबायची आणि सळई हिरडीत आणखी रुतायची. मॅडम कागद पाहून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यातही जुळलं नाही, तर मोजणारं माणूस बदलावं लागेल."

म्हणजे ताईंनी परत पूर्ण दिवस दात साफ करायचे. रोज अकरा तोंडं, मान वाकडी, मुठीत थरथरणारं मशीन. संशोधनामुळे निदान अर्धा दिवस हाताला आराम होता. घरात कमावता हात तेवढा एकच, त्यामुळे तो कसाबसा पुरवून वापरणं चाललं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मात्र सगळं जुळायला लागलं. ताई मोजत असताना धाकटी पडद्यामागे ग्लोव्ह्ज शोधत राहायची. ग्लोव्ह्जचा डबा माझ्या टेबलावर आहे, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. शहाण्या माणसाचं काम तेच, असं तेव्हा वाटलं.

शनिवारी मॅडम बारा तोंडांचे कागद घेऊन आल्या.

"एकही आकडा इकडचा तिकडे नाही? अहो, मी स्वतः एकच तोंड दोनदा मोजलं तरी माझं माझ्याशी जुळत नाही!"

ताईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने फरशीकडे. मी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

"बस गं खुर्चीत," ताई म्हणाल्या. "मॅडम, समोरच मोजते. मास्तर, लिहा."

चोवीस वर्षांच्या पोरीच्या हिरड्या त्या, गुलाबी, टणक; तीनच्या वर आकडा जाऊ नये अशा. "चार," ताई म्हणाल्या. "चार. पाच." मॅडमनी भुवया वर केल्या. पाचव्या दाताशी रक्त आलं आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी.

"दुखलं?"

"छे, अजिबात नाही, ताई."

"खोटं बोलतेस, तेही माझं बोट तोंडात असताना?"

ताईंनी सळई ट्रेमध्ये ठेवली. ठेवली कसली, हातातून सुटलीच.

"मास्तर, हे खोडा. या आठवड्याचे दोघींचेही खोडा. माझे चुकलेत आणि तिने माझेच ऐकून म्हटलेत."

"तुमच्यासाठीच केलं मी!" धाकटी उठून बसली.

"आणि त्या बारा जणांचं काय? नसलेला आजार त्यांच्या नावावर चढवलास. एवढं शिकवलं, त्यात हे कधी शिकवलं होतं मी?" आवाज चढला नव्हता. चढवायला जोर लागतो.

मॅडम स्टूल ओढून ताईंच्या समोर बसल्या. त्यांचा उजवा हात हातात घेऊन अंगठ्याच्या टोकावर सळई टेकवली. "लागतंय?"

"कुठे?"

मॅडमनी सळई बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मशीन बंद आजपासून. आधी हात दाखवायचा, मग पुढचं बघू. कधीपासून आहे हे?"

"होतील दोनेक महिने."

मी ताईंच्या नावाचा नवा कागद घेतला होता. पेन टेकवलं, पण 'दोन महिने' काही लिहिलं नाही. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या कागदाकडे.

"लिहा हो," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं."