सस्कॅचेवानचा पाहुणा

रविवारी सकाळी धम्मदीपानं नवऱ्याला बाथरूमच्या दाराशी गाठलं आणि दबक्या आवाजात बजावलं, "आज काहीही होऊ दे, पण बाबांना कळता कामा नये."

काय कळता कामा नये, ते सुयशला पाठ होतं. तिचे आई-बाबा सध्या लेकीकडे राहायला आले होते. बाबा, सुखदेव मेश्राम, चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रात नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं कोळसा, बॉयलर आणि टर्बाइन. घराण्यातले ते पहिले इंजिनिअर. केंद्राच्या ऊर्जानगर कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये धम्मदीपा वाढली, शिकली, ती त्या कोळशाच्या पगारावर. आणि आता फ्रँकफर्टच्या एका सल्लागार कंपनीत ती जे काम करत होती, ते म्हणजे कॅनडातल्या सस्कॅचेवान नावाच्या प्रांतातलं एक जुनं कोळशाचं वीजकेंद्र कसं बंद करावं याची योजना आखणं. सस्कॅचेवान म्हणजे सपाट गवताळ मुलूख, नजर पोचेल तिथपर्यंत गहू, आणि हिवाळ्यात उणे चाळीस.

बाबांना तिनं एवढंच सांगितलं होतं, "मी कॅनडाच्या विजेचं प्लॅनिंग बघते." बाबांनी ते ऊर्जानगरात सांगितलं तेव्हा त्याचं 'आमची दीपा कॅनडाची लाईट चालवते' असं झालं होतं, आणि ते दुरुस्त करायचं धाडस तिचं होत नव्हतं.

पण आज त्या वीजकेंद्राचा प्रमुखच फ्रँकफर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गला त्यांच्या घरी जेवायला येणार होता. डॅरिल कोवालचुक त्याचं नाव. शुक्रवारी ऑफिसात योजनेचं सादरीकरण झालं, ते पडलं. बोलले सगळं धम्मदीपाचे साहेबच. धम्मदीपानं फक्त स्लाइड पुढे सरकवल्या. कोवालचुक हाताची घडी घालून बसला होता आणि शेवटी "हं" म्हणाला होता. त्याच्या कंपनीचं संचालक मंडळ त्याच्या शब्दाबाहेर नव्हतं. तो "हं" घेऊन परत गेला असता तर वर्षभराचं काम पाण्यात जाणार होतं. म्हणून तिनं साहेबांना न विचारता त्याला जेवायला बोलावलं.

"मग बाबांना एवढा वेळ कुठे ठेवायचं?" सुयशनं विचारलं.

"ठेवायचं कुठे? इथेच असतील. विषय गव्हाचा काढ."

सुयश र्युसेल्सहाइमला मोटारींच्या ब्रेकवर काम करत असे. गव्हाविषयी त्याला काहीच माहिती नव्हती. तरी तो बरं म्हणाला.

कोवालचुक आला. दारात मावेल न मावेल असा उंच, पिकलेल्या मिशांचा, डोक्यावर कान झाकणारी टोपी. त्यानं बूट काढले आणि सुयशच्या सासूबाईंना, म्हणजे लीलाबाईंना, वाकून नमस्कार केला. कुठून शिकला होता कोण जाणे. लीलाबाईंना माणूस तिथेच पसंत पडला. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कोंबडीच्या रश्श्यात आणखी एक चमचा तिखट घालून आल्या.

"वीजकेंद्रात असता म्हणे तुम्ही," बाबांनी इंग्रजीत सुरुवात केली.

"यंदा गहू कसा आहे तुमच्याकडे?" सुयश मध्येच म्हणाला.

"गहू?" कोवालचुकनं जरा विचार केला. "बरा असावा. मी शेतकरी नाही."

धम्मदीपानं नवऱ्याकडे पाहिलं. सुयश उठला. पाहुण्याला चहा तरी द्यावा म्हणून त्यानं किटलीचं बटण दाबलं, आणि घरातली वीज गेली.

चूक तशी एकट्या किटलीची नव्हती. विजेच्या शेगडीवर रस्सा आणि भात होता, ओव्हनमध्ये वांगी भाजत होती आणि बाबांच्या खोलीत हीटर घोंघावत होता. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मुरलेल्या माणसाला जर्मनीचा नोव्हेंबर सोसत नव्हता. त्यांना धम्मदीपानं आल्या आल्याच तो हीटर आणून दिला होता. सुयशनं पॅसेजमधला फ्यूजचा डबा उघडला. सगळी बटणं जागच्या जागी होती. म्हणजे तळघरातला मुख्य फ्यूज गेला होता, आणि तळघरातल्या त्या खोलीला कुलूप होतं.

किल्ली होती हाउसमाइस्टरकडे, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडे. सुयशनं त्याला फोन लावला.

"पाणी वाहतंय का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"आग?"

"नाही. वीज गेलीये."

"बरं तर, मग उद्या. आज रविवार आहे," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

सुयशनं हे बाहेर येऊन सांगितलं तेव्हा दोन्ही वीजवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं अर्ध्या विदर्भाला वीज पुरवलेली, दुसरा निम्म्या प्रांताला पुरवत होता, आणि पाच माणसांच्या जेवणापुरती वीज कुणाकडेच नव्हती. कोवालचुक खो खो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

लीलाबाई मात्र हसल्या नाहीत. "चिकन अर्धं कच्चं आहे, बाप्पा," एवढंच म्हणून त्यांनी दोन फडकी घेतली, रश्श्याच्या पातेल्यावर भाताचं ठेवून दोन्ही उचलली आणि समोरच्या फ्लॅटची घंटा कोपरानं दाबली. समोर फ्राऊ ब्रेनर, म्हणजे ब्रेनरबाई, राहत. फोडणीच्या वासाबद्दल जिन्यात सुयशला थांबवून समज देणाऱ्या त्याच. "आई, नको," असं सुयश म्हणेपर्यंत दार उघडलं, पातेली आत गेली आणि दार बंद झालं.

इकडे ऊन मोठं सुरेख पडलं होतं. ते बाल्कनीत टांगलेल्या दोन सौर पॅनेलवर चकाकत होतं. ही पॅनेलं सुयशनं उन्हाळ्यात हौसेनं बसवली होती. जर्मन लोक त्याला बाल्कोनक्राफ्टवेर्क म्हणतात, म्हणजे बाल्कनीतलं वीजकेंद्र. त्या नावावर बाबांचा आल्या दिवसापासून आक्षेप होता. दोन पत्रे टांगले की वीजकेंद्र होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"जावईबापू," ते आता म्हणाले, "ऊन तर आहे. मग तुमचं केंद्र काहून बंद आहे?"

"बाबा, ते… मेन सप्लाय गेला की ते आपोआप बंद होतं. सुरक्षेसाठी."

"म्हणजे लाईट असली तरच ते लाईट देते?"

"हो."

बाबांनी एकवार पॅनेलांकडे पाहिलं. मग त्यांनी हे कोवालचुकला इंग्रजीत समजावून सांगितलं. कोवालचुकनं मांडीवर थाप मारली.

"अगदी हेच," तो म्हणाला. "आणि तुमची मुलगी मला सांगते, माझं केंद्र बंद कर आणि वारा नि उन्हावर राहा."

सुयशनं पुन्हा एकदा गव्हाकडे वळायचा प्रयत्न केला, पण तोवर उशीर झाला होता.

"केंद्र बंद कर?" बाबा मराठीत आले. "कोणतं केंद्र, दीपा?"

धम्मदीपा ताठ बसली. "कोळशाचं. सगळी युनिटं. एकेक करून."

"हे तुझं प्लॅनिंग?"

"हो, बाबा. हेच."

आता बाबा चिडतील, उठून खोलीत जातील असं सुयशला वाटलं. पण बाबांनी खुर्ची पुढे ओढली, तर्जनी टेबलावर टेकवली आणि विचारलं, "उणे चाळीस. वारा पडला. ऊन नाही. घरोघरी हीटर चालू. पीक लोड कुठून देशील?"

हा आवाज सुयशनं कधी ऐकला नव्हता. धम्मदीपानं ऐकला होता. लहानपणी क्वार्टरच्या ओसरीवर बाबा नव्या इंजिनिअर पोरांची अशीच तपासणी घेत.

"शेजारच्या प्रांतात हायड्रो आहे. तिथून वीज आणणारी टाय-लाइन वाढवायची. गॅसची युनिटं चालूच राहणार."

"टाय-लाइन ट्रिप झाली तर?"

"म्हणून पहिली दोन युनिटं मोडीत नाही काढायची. वॉर्म स्टँडबायवर ठेवायची, बॉयलर गरम, लागली की लगेच चालू. नवी लाइन दोन हिवाळे टिकली तरच पुढचं पाऊल."

"काय म्हणताहेत ते?" कोवालचुकनं सुयशला विचारलं.

"बाबा म्हणताहेत," सुयश इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या प्रांताबद्दल त्यांना फार आदर आहे."

"स्टँडबायला कोळसा कोण देईल?" बाबांचा आवाज चढला. "खाण बंद केल्यावर?"

"स्टॉकपाइल. आधीच साठवून ठेवायचा."

"तिथला कोळसा लिग्नाइट आहे ना? लिग्नाइटचा स्टॉकपाइल आपोआप पेटते, एवढंही ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे!" धम्मदीपानं टेबलावर मूठ आपटली. तिच्या ऑफिसातल्या कुणी हे पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. "थर देऊन कॉम्पॅक्ट करायचा, टेंपरेचर मॉनिटर करायचं, आणि जुना आधी जाळायचा. सगळं लिहिलंय मी, बाबा. साहेबांनी ती स्लाइडच काढून टाकली, फार डिटेल होतंय म्हणून. मी काय नुसती बंद करा म्हणून बसलेय? एक घर थंड पडू देणार नाही मी तिथलं."

"आणि आता?" कोवालचुकनं विचारलं.

सुयशच्या कपाळाला घाम आला होता. "त्या दोघांना… तुमच्या हवामानाचं कौतुक वाटतंय."

कोवालचुकनं मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. "तरुण माणसा," तो सावकाश म्हणाला, "मी आत्ता पीक लोड ऐकलं. टाय-लाइन, वॉर्म स्टँडबाय, लिग्नाइट, स्टॉकपाइल, कॉम्पॅक्ट ऐकलं. तुमच्या भाषेतले निम्मे शब्द माझेच आहेत. तुझं भाषांतर तेवढं कुठे बसत नाही."

सुयशला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. धम्मदीपाचा चेहरा लाल झाला; स्लाइड साहेबांनी काढून टाकल्याचं मग तिनंच त्याला इंग्रजीत सांगितलं.

"ती काढून टाकलेली स्लाइड," कोवालचुक तिला म्हणाला, "शुक्रवारी मी तिचीच वाट बघत होतो."

एवढ्यात दार उघडलं. लीलाबाई उकळता रस्सा घेऊन आत आल्या आणि त्यांच्यामागून भाताचं पातेलं धरून फ्राऊ ब्रेनर आल्या. दोघींच्यात एकही सामायिक शब्द नव्हता, तरी दोघी एकाच वेळी बोलत होत्या. "त्या एकट्याच ब्रेड खात बसल्या होत्या," लीलाबाई म्हणाल्या. "म्हटलं, चला." सुयशनं आणखी एक पान वाढलं.

पहिल्या घासाला कोवालचुकच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यानं टोपीनं डोळे पुसले, पाणी प्यायला आणि पुन्हा रस्सा मागून घेतला. ब्रेनरबाईंना खोकला आवरेना, पण थाळी त्यांनीही सोडली नाही.

बाबा जेवत नव्हते. भाताची मूद बोटांनी मोडत त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, आवाज न चढवता. "आणि कॉलनी?"

धम्मदीपानं मान वर केली.

"केंद्र गेलं की तिथल्या कॉलनीचं काय, दीपा? शाळा, दवाखाना. केंद्राच्या जिवावर गाव बसते. आपणही तसेच बसलो होतो."

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "ते काम कुणाकडेच दिलेलं नाही."

कोवालचुकनं सुयशकडे पाहिलं. आता त्याला शब्द समजले नव्हते. सुयशनं या वेळी शब्दाला शब्द लावून सांगितलं.

कोवालचुकनं चमचा खाली ठेवला. त्याच्या गावात एक शाळा होती, एक बर्फावरच्या हॉकीचं मैदान होतं आणि एक उपाहारगृह, ते त्याची बायको चालवत असे. हे सगळं त्यानं हळूहळू सांगितलं. केंद्र म्हातारं झालंय हे त्याला ठाऊक होतं. दर हिवाळ्यात त्याच्या नळ्या फुटत होत्या, माणसं बर्फात वेल्डिंग करत होती. बंद करायला त्याची ना नव्हती. पण ऑफिसांमधून जे जे लोक त्याला भेटले, त्यांच्यापैकी एकानंही गावाबद्दल विचारलं नव्हतं.

"तुमची स्लाइड परत घाला," तो धम्मदीपाला म्हणाला. "आणि गावासाठी एक भाग लिहा. तो लिहायला माझ्याकडे या, जानेवारीत. उन्हाळ्यात येऊन काही कळत नाही. मग मी मंडळाला हो म्हणेन."

जेवणं झाल्यावर बाबा पाहुण्याला हॉटेलपर्यंत पोचवायला म्हणून निघाले, ते परत येईनात. उन्हं कलायला लागल्यावर सुयश शोधायला बाहेर पडला. स्टेशनपलीकडच्या वीज उपकेंद्राच्या कुंपणाशी दोघे उभे दिसले. जाळीतून आत बोट दाखवत ते कुठल्याशा ट्रान्सफॉर्मरवरून वाद घालत होते. कान झाकणारी टोपी आता बाबांच्या डोक्यावर होती.

कोवालचुकला हॉटेलात सोडून सासरे-जावई परत निघाले.

"तिचा स्टँडबायचा हिशोब मला अजून पूर्ण पटलेला नाही," बाबा वाटेत म्हणाले.

"हो, बाबा."

"पण भांडते चांगली. एवढी भांडते हे मला माहीत नव्हतं."

"मला होतं," सुयश म्हणाला.

बाबा थांबले आणि जावयाकडे पाहून हसले, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले.

मंगळवारी कोवालचुकनं कॅनडातून धम्मदीपाच्या साहेबांना फोन केला. पुढची चर्चा तो फक्त मेश्रामबाईंशीच करणार, असं त्यानं कळवलं. साहेब बुचकळ्यात पडले, पण गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, असं म्हणत राहिले. जानेवारीत धम्मदीपा सस्कॅचेवानला गेली. पहिल्या दिवशी केंद्राच्या फाटकात उभी राहून तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला. पापण्यांवर बर्फ जमला होता, दात वाजत होते. मागे चिमणीतून वाफेचा पांढरा लोट सरळ वर चालला होता. चंद्रपुरातून बाबाही त्याच कॉलवर होते. त्यांनी मुलीला कशी आहेस हे विचारलं नाही.

"दीपा, जरा बाजूला हो," ते म्हणाले. "मागचं दिसत नाही."